पाऊस नसलेले सहा दिवस

शनिवार, १० ऑगस्ट २०२४. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे.
खांदा कॉलनी, दुकान. गिऱ्हाईक नाही. पट्टीने रेघा मारून ऑगस्ट ते जुलै असा बारा महिन्यांचा तक्ता आखत होतो. मध्येच वाटलं, या कामाची नोंद ठेवायला हवी. म्हणून ही वही.

काम असं. पनवेलजवळच्या कोन गावात आमच्या आळीत नऊ बायकांची भिशी आहे. शकू आत्या चालवते. ती वडिलांची मोठी बहीण, आळीतच दिलेली, त्यामुळे कायम शेजारी. माझी आई त्या नवांतली एक. दर महिन्याला प्रत्येकी अडीच हजार. चिठ्ठीत जिचं नाव निघेल ती रक्कम उचलते, असा भिशीचा नियम. या नवांनी दोन वर्षं चिठ्ठीच काढली नाही. पाच लाख चाळीस हजार जमले आहेत आणि त्यांना विमानाने परदेशी जाऊन समुद्र बघायचा आहे. उरणचा समुद्र तासाभरावर असताना परदेशचा कशाला, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, “त्या समुद्रावर घरची हाक आयकू येतं.”

मी बारावीला दोनदा बसलो, दोनदा राहिलो. सहा वर्षं इथे लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो. एका अक्षराने माणसाचं पेन्शन अडलेलं पाहिलं आहे, म्हणून सावकाश भरतो. नवांचे पासपोर्ट मीच काढले, एकातही त्रुटी निघाली नाही. त्यामुळे सहलही माझ्याकडे आली. दुकान कमळाकर दादांचं, म्हणजे आत्याच्या मुलाचं. मला चौदा हजार देतात. हे नीट पार पडलं तर स्वतःचं सहलींचं काम सुरू करायचा विचार आहे. अजून कोणाला बोललो नाही.

दादांनी आज विचारलं, भिशीत नेमके किती जमलेत. स्वतःच्या आईच्या काळजीने विचारलं असणार.

बुधवार, १४ ऑगस्ट.
तक्ता पुरा झाला. चार रकाने केले: सण, लग्नं, घरची कामं, पाऊस. सप्टेंबरात गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. ऑक्टोबरअखेर दिवाळी. तुळशीच्या लग्नानंतर आळीत ओळीने तीन हळदी आहेत आणि हळद सोडून गेलेल्या बाईला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. डिसेंबरात मार्गशीर्षाचे गुरुवार. नाताळात विमानाचं भाडं परवडत नाही. जानेवारीत संक्रांतीची हळदीकुंकवं, नंतर मेपर्यंत पुन्हा लग्नं. नोव्हेंबरच्या पंधरा-वीस तारखेच्या सुमारास निवडणूक होण्याची चर्चा आहे, त्यामुळे त्याच्या आधी घरचे सोडणार नाहीत.

पावसाच्या रकान्याला वेळ लागला नाही. जून ते दसरा: आहे. दसऱ्यानंतर: नाही. जून-जुलैवर लाल पेनाने काट मारली.

राहिले २२ ते २७ नोव्हेंबर. वर्षात एवढेच सहा दिवस निघाले. मला आनंद झाला, कारण ते निघतील असं वाटलं नव्हतं.

रविवार, २५ ऑगस्ट.
भिशीतल्या जनी काकूंच्या ओटीवर नऊ जणींसमोर तक्ता वाचला. व्हिएतनाम ठरलं, मधल्या किनाऱ्यावरचं एक शहर. फोटोत वाळू पांढरी आहे. शशिकला काकूंनी विचारलं, तिथे सुकट न्यावी का. मी म्हटलं, मासे तिथेही मिळतात. “पर त्यांच्या हातचा,” काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

आत्या हसली नाही. तिने तरुणपणी पंधरा वर्षं मिठागरात काढली आहेत. म्हणाली, “तिकरं पावूस कंच्या वाऱ्यान येतं?”

मी म्हटलं, “आत्या, नोव्हेंबरात पाऊस नसतो.”

“आपल्याकरं नसतं. मी तिकरचा इचारतंय.”

मोबाईलवर पाहिलं. “व्हिएतनाम, उत्तम काळ, नोव्हेंबर ते एप्रिल,” असं लिहिलं होतं. तिला वाचून दाखवलं. तक्त्यावर बरोबरची खूण केली.

शनिवार, ३१ ऑगस्ट.
वाशीला अविनाश नावाच्या एजंटाकडे गेलो. बाकी दोन ठिकाणी माणशी सहासष्ट आणि अडुसष्ट हजार सांगितले होते. यांनी साठ सांगितले. मी घासाघीस सुरू केली, तर ते एका मिनिटात चोपन्नवर आले. माझं बोलणं इतकं परिणाम करतं हे मला माहीत नव्हतं. माणशी वीस, एकूण १,८०,००० भरले. पावती घेतली. नावं तीनदा तपासली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर.
उरलेले ३,०६,००० भरले. एकूण ४,८६,०००. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत नियम आहेत. दुकानात येऊन भिंगाने वाचले. ७ नोव्हेंबरपर्यंत रद्द केल्यास निम्मे परत. त्यानंतर काही नाही. तारीख बदलता येणार नाही.

भिशीत ५४,००० उरले, वरखर्चाला. दादांनी पुन्हा आकडा विचारला. त्यांना डंपर घ्यायचा आहे, पण हिशेबाची आवड असल्यामुळे सगळीकडचा आकडा विचारतात.

रविवार, २७ ऑक्टोबर. संध्याकाळी सहा.
जेवताना टीव्हीवर बातमी लागली. त्याच किनाऱ्यावर वादळ. रस्त्यावरून होड्या चालल्या होत्या. एक बाई खुर्चीवर उभी राहून डोक्यावर गॅसची शेगडी धरून होती. आईने चॅनेल बदललं.

जेवण टाकून दुकानात आलो, रविवार असूनही. पाच वाजेपर्यंत वाचलं. तो देश उभा आणि लांब आहे. वर एक हवा, खाली दुसरी, मध्ये तिसरी. मधल्या किनाऱ्यावर पाऊस सप्टेंबरात सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वात जास्त पडतो. हे वादळ म्हणजे अपवाद नाही. तिथला पावसाळाच तो आहे.

मी तक्त्यात कोनचा पाऊस लिहिला. व्हिएतनामच्या रकान्यात कोनचा पाऊस. लोकांच्या अर्जात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळा लिहायला मी रोज सांगतो.



सोमवार, २८ ऑक्टोबर.
अविनाश यांना फोन केला. म्हणालो, तिथे पावसाळा आहे हे तुम्ही सांगितलं नाही.

“प्रणितजी, म्हणून तर चोपन्नला दिलं ना,” ते म्हणाले. “ऑफ सीझन आहे. तुम्ही एवढे घासत होतात, मला वाटलं तुम्हाला माहितीय.”

तारीख बदलून द्या म्हटलं. नाही म्हणाले. हॉटेलच्या खिडकीतून समुद्र छान दिसतो असं म्हणाले.

बुधवार, ३० ऑक्टोबर.
तीन दिवस जेवण जात नाही. रोज सकाळी तिथला पाऊस वहीच्या मागच्या पानावर मिलिमीटरमध्ये लिहितो. लिहून काय होणार, माहीत नाही.

घरी फराळ अर्धा पडला आहे आणि आई मशीनवर जाड प्लास्टिकच्या पिशव्या शिवत बसली आहे, पासपोर्ट मावेल एवढ्या. नऊ. विचारलं तर म्हणाली, “पापड मऊ परू नयेत म्हनून.” शशिकला काकू पनवेल बाजारातून मोठं गाठोडं घेऊन आल्या, मला बघून पदराखाली घेतलं. साड्या असतील. या बायका तयारी करत आहेत आणि मी त्यांना पुरात नेणार आहे.

जाऊ दिलं आणि कोणाला काही झालं तर? रद्द केलं तर निम्मे बुडाले, माझ्या चुकीने. आठ दिवस राहिले आहेत.

शुक्रवार, १ नोव्हेंबर.
लक्ष्मीपूजन. भिशीचा डबा पूजेला मांडला होता. मी नमस्कार केला, पण मान वर करून पाहिलं नाही. तिथे आज ८४ मिलिमीटर.

रविवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज.
आत्या वडिलांना ओवाळायला आली. ताट खाली ठेवल्यावर मी म्हणालो, “आत्या, मला सहलीबद्दल एक सांगायचंय.”

“आज नको.”

“महत्त्वाचं आहे.”

“सनाच्या दिशी कागद नाय नि हिशोब नाय,” ती म्हणाली, आणि माझ्या हातावर दोन करंज्या ठेवल्या. “तुझा तोंड बघ कसा झालाय. तुझ्या पोटान काय राहत नाय, तोंडावर लिवलेला असतं. जरा गप राहायला शिक पोरा. वीस दिसांचा तर काम हाय.”

आईही म्हणाली, “गप ऱ्हा.”

दोघी इतक्या आनंदात आहेत की त्यांना ऐकायचंच नाही. माझ्याच्याने हे पोटात ठेववत नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.
कमळाकर दादांना सगळं सांगितलं. तक्ता दाखवला, पावती दाखवली, पावसाचे आकडे दाखवले. आमच्याकडे अडचणीची गोष्ट आधी घरातल्या कर्त्या पुरुषाला सांगायची रीत आहे. दादा शांतपणे ऐकत होते. एकदाच विचारलं, “निम्मे म्हंजे किती?”

“दोन लाख त्रेचाळीस हजार.”

“नि डब्यान चोपन्न.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “बरा केलास आधी मना सांगितलास.”

नऊ दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

बुधवार, ६ नोव्हेंबर.
दादांच्या हॉलमध्ये नवांच्या घरचे पुरुष जमले. वडीलही होते. दादांनी मोबाईलवर पुराचे व्हिडिओ दाखवले.

“आमच्या आयांना पुरान बुरवायला नेतंस काय रे?” जनी काकूंचा काशिराम म्हणाला.

“बारावी नापास पोराच्या हातान विमान दिलाव, आजून काय व्हनार,” दुसरं कोणी म्हणालं.

ठरलं असं. उद्या रद्द करायचं. परत येणारी रक्कम दादांकडे द्यायची, ती सगळ्यांच्या वतीने डंपरला लावतील आणि नफा नवांत वाटतील. बुडालेली निम्मी रक्कम मी भरून द्यायची, दरमहा पगारातून. दादांनी कागद लिहायला सांगितला. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिला. नऊ घरच्या नऊ पुरुषांची नावं, प्रत्येकापुढे सत्तावीस हजार. आत्याच्या जागी दादांचं नाव. खाली माझी सही.

बायका चहा द्यायला आल्या तेवढ्याच. आत्याने माझ्यासमोर कप ठेवला आणि कागदाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नाही, पण नऊ ओळी तिने मोजल्या असाव्यात.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.
१२ वाजून ४० मिनिटांनी रद्द केलं. रक्कम दहा-बारा दिवसांत माझ्या खात्यात येईल.

रविवार, १० नोव्हेंबर.
आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, आत जाते. मी तिला पुरापासून वाचवलं आणि ती बोलत नाही. पैसे गेले म्हणून रागावली असेल. जनी काकूंना नमस्कार केला तर त्यांनी झाडू मारणं थांबवलं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. दुपारी तीन.
आत्या दुकानात आली. रिक्षाने, एकटी. सहा वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. बाकावर बसली. मी पंखा तिच्याकडे वळवला.

ती म्हणाली, “त्या वादलाचा आमाना पह्यल्याच दिशी समजलेला. आमच्यातल्या मनिषाच्या मोबाईलवर बघितला. नवांनी.”

मला कळेना. “मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कोनाला? घरान? घरान बोललू असतू तर त्याच दिशी बंद केला असता.”

“मला तरी.”

“तुना सांगितला असता तर तू जाऊन कमलाकराला सांगितला असता.” तिने पदराने तोंड पुसलं. “नाय सांगितला तरी सांगितलास.”

शशिकला काकूंच्या गाठोड्यात नऊ रेनकोट होते. पिशव्या पासपोर्टच्याच होत्या. भाऊबीजेला तिने मला गप्प बसायला सांगितलं ते सणासाठी नव्हतं. हे सगळं मी या वहीत माझ्या हाताने लिहिलं आहे आणि मला दिसलं नाही.

मी म्हटलं, “आत्या, तिथे रस्त्यावर होड्या चालत होत्या. काही झालं असतं तर?”

“पावसान घाबरनारी मी नाय. मिठागरान पावूस आयला की बाप्ये पलायचं आनि बाया मीठ उचलायच्या, कमरेवर पोर बांधून. नि नसता समुद्र दिसला तर खोलीन बसलू असतू. दार लावून. सहा दिस कोनी चाय मांगला नसता.” मग म्हणाली, “पाऊस परतंय म्हनून तू सगल्यांना इचारलास. आमाना इचारलास?”

मी नाही म्हणालो. सभेत तो मुद्दा निघाला नव्हता. माझ्याही डोक्यात आला नव्हता.

जाताना तिने रिक्षाचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.
अविनाश यांना विचारलं, पुन्हा तेच बुकिंग मिळेल का. आता माणशी एकाहत्तर. फोन ठेवल्यावर दुकानामागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. एक आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी आले होते, त्यांनी हाक मारली म्हणून आत आलो.

रविवार, १७ नोव्हेंबर.
आळीत हळद. नऊ जणी चुलीशी होत्या, तीनशे माणसांचं जेवण. या हळदींसाठीच सहल बावीस तारखेला धरली होती. आई आज बोलली, “बाजूला सर, वाफ लागल.” एवढंच. पण बोलली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.
२,४३,००० खात्यात जमा. तासाभरात दादांचा फोन. डंपरचं बुकिंग शुक्रवारी आहे, गुरुवारी रक्कम आणून दे म्हणाले. मी हो म्हणालो. मग विचार केला की मी हो का म्हणालो.

दादांचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ते घरातले मोठे आहेत, दुकान त्यांचं आहे, सहा वर्षं पगार वेळेवर दिला आहे. पण पावती काढून पाहिली. पैसे भरणाऱ्यांच्या नावांत नऊ बायका आहेत. ती नावं मी तीनदा तपासली होती. अर्जदार एक आणि रक्कम दुसऱ्याला, असा अर्ज आला तर मी तो परत करतो.

माझ्या खात्यात माझे ३१,२५० आहेत, सहा वर्षांचे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर. सकाळी पावणेबारा.
बँकेतून २,७०,००० काढले. दोन लाख त्रेचाळीस परतीचे आणि माझे सत्तावीस. दादांकडे न जाता जनी काकूंच्या ओटीवर गेलो. काशिराम कामावर होता. नऊ जणींना बोलावलं. प्रत्येकीला तीस हजार मोजून दिले आणि वहीत सही घेतली. चौघींनी अंगठा दिला.

आईने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि आत्याकडे दिल्या. मग एकेकीने तेच केलं. सगळी रक्कम पुन्हा डब्यात गेली. मी म्हटलं, ज्याची त्याची ठेवा, उद्या घरी मागतील.

“मांगूदे,” मनिषा वहिनी म्हणाली. ती त्यांच्यात सगळ्यात लहान, चाळीसची. “खर्च झाले म्हनून सांगू. रेनकोट म्हाग हायेत.”

यावर सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही.

जनी काकूंनी विचारलं, “तिकरं ऊन कवा असतं?”

“जून-जुलै.”

“म्हंजे आखाडान,” आत्या म्हणाली. “आखाडान लगीन नाय, सन नाय. नि लावनीला आता शेत कोनाचा उरलाय.”

मी त्या महिन्यांवर पहिल्याच दिवशी काट मारली होती, हे सांगितलं नाही. पैसे पुरत नाहीत हेही सांगितलं नाही. तो हिशेब त्यांना येतो. मी निघालो तेव्हा आत्या डबा पदराखाली घेऊन उभी होती आणि म्हणाली, “कमलाकराला मी सांगन. तू नको सांगू.”

पण दादांचा फोन आला आणि पैसे कुठे आहेत असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. सकाळी सव्वानऊ.
दुकानाला नवीन कुलूप आहे. माझा डबा, छत्री आणि भिंग बाहेर पायरीवर ठेवलं होतं. दादा रागावले ते त्यांच्या जागी रास्त आहे. आत्याच्या घरातून सकाळी मोठा आवाज येत होता, तिचा नाही. आई म्हणते, आत्या दार लावून बसली आहे आणि डबा कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही.

आज रात्रीचं विमान होतं. पायरीवर बसून हिशेब लिहितो.

एजंटाला दिले: ४,८६,०००
परत आले: २,४३,०००
माझ्या चुकीने बुडाले: २,४३,०००
त्यातले मी भरले: २७,०००
वाशीच्या फेऱ्या, फोटो, झेरॉक्स: १,१४० (भिशीला लावलेले नाहीत)
येणे, २१ दिवसांचा पगार: ९,८००, मिळेल असं वाटत नाही
माझ्याजवळ: ४,२५०
नोकरी: नाही

देणे. सहा तारखेचा कागद दादांकडे आहे. तो धरत नाही, नवा लिहितो.

शकुंतला: २४,०००
सुनंदा (आई): २४,०००
जनाबाई: २४,०००
शशिकला: २४,०००
मनिषा: २४,०००
हिराबाई: २४,०००
नर्मदा: २४,०००
कुंदा: २४,०००
बेबी: २४,०००

एकूण २,१६,०००. दरमहा अडीच हजारांप्रमाणे सात वर्षं आणि तीन महिने.